तांडेलकाकांचा करगोटा

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या मनगटावरचं हळकुंडाचं कंकण कात्रीने कापून टाकलं. ते बायकोने एका हाताने गाठ सोडून, चार बायकांच्या हशात काढायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोरा लोंबत होता, जेवताना आमटीत बुडत होता, म्हणून कापला. सासूबाई मटकन खालीच बसल्या. घिवलीच्या त्या मांडवात मोठ्याने हसला तो एकच माणूस, सासरच्या शेजारचे तांडेलकाका. म्हणाले, "जावयबुवांच्या हातात कातरी देव नका रं. उद्या शिडाच्या दोऱ्या कापल."

तांडेल म्हणजे नाव चालवणारा, नावेवरचा मुख्य. काका उंचीने बेताचे, पण मान अशी की खांद्यांत रोवलेला खुंटाच. ती मान हेच त्यांचं होकायंत्र होतं. वारा त्यांना गालावर, कानावर नाही, मानेवर कळायचा. जमिनीवरही सवय सुटत नसे. बोईसरच्या बाजारात भर रस्त्यात थांबून ते शर्टाची कॉलर खाली ओढत आणि मान सावकाश फिरवत. मागे रिक्षावाले "ओ चाचा, हटो ना!" म्हणून कोकलत. काका शांतपणे म्हणत, "थांब रं बाबा, वारा बदलतोय." रिक्षावाल्याला वाऱ्याशी काही देणंघेणं नसे.

पण तोवर वाऱ्याशी देणंघेणं घिवलीतही कोणाला राहिलं नव्हतं. सगळ्या नावांना इंजिनं बसली होती. काकांच्या मुलांनीही बसवलं. काकांनी नावेचं जुनं शीड घडी घालून माळ्यावर ठेवलं आणि वर्षातून एकदा अंगणात उन्हाला घालायचं व्रत घेतलं. "इंजनाची नाव चालवायला तांडेल कशाला लागतो? डायवर बस झाला," एवढंच बोलायचे.

मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात मेकॅनिक होतो. मालकांना शिडाच्या बोटीचा नाद होता. मुंबईहून निघून एका बेटाला वळसा घालून कोचीनला पोचायचं, अशा लांबच्या शर्यतीत ते उतरणार होते. बरोबर त्यांचे एक मित्र. शिडावर हात बसलेला माणूस हवा होता. मी काकांचं नाव सुचवलं. बॅटऱ्या आणि इंजिन बघायला साहेबांनी मलाच धरलं. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण आम्ही वाडीवाले. समुद्र म्हणजे माडांना वारा येतो ती बाजू, एवढाच आमचा परिचय.

पहिले तीन दिवस मी फक्त ओकलो. तेही चुकीच्या बाजूने. "वाऱ्याच्या तोंडावर नाय, जावयबुवा," काका सुकाणूवरून सांगत, "वारा उदार हाय, सगला परत देतो." साहेबांनी चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या होत्या. आम्ही भोंग्यावर जगणारे, मला त्याचं काही वाटलं नाही. काकांना मात्र पाळी हा प्रकारच कळेना. सुकाणूपाशी बसल्या बसल्या झोपायचे, आणि शीड जरा फडफडलं की डोळे मिटलेलेच ठेवून हात हलायचा. साहेब होकायंत्र बघून दिशा सांगायचे. काका कॉलर ओढून म्हणायचे, "तितंच चाललोय." साहेबांचं डबाबंद सूप त्यांनी एकदा चाखलं आणि बोंबलाचं कालवण शिजवायला बसले. चौथ्या दिवसापासून साहेबही कालवणच जेवू लागले.

सहाव्या दिवशी वारा पडला. समुद्र लादीसारखा. करायला काही नाही, म्हणून मी इंजिन पुसायला घेतलं. शर्यतीचा नियम असा, की इंजिन बॅटरी भरण्यापुरतं चालवायचं. त्याने बोट ढकलायची नाही. म्हणून निघताना शर्यतवाल्यांनी बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला एक दोरा बांधून शिशाचं सील ठोकलं होतं, विजेच्या मीटरला असतं तसं. मला ते सांगितलंही होतं, पण तेव्हा मी बोटीच्या कडेला वाकलेला होतो. कारखान्यातली शिकवण अशी, की फिरत्या दांड्याजवळ लोंबती वस्तू म्हणजे अपघात. मी तेलकट दोरा बघितला आणि कापला. सील हातात आलं, तेव्हा कळलं की ते काय आहे.

काका दारातून वाकून बघत होते. माझ्या तळहातावर ते शिसं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की काही नाही. फक्त म्हणाले, "कातरी कोणी दिली तुमाला?"

मग मी मागोमाग वर पोचलो तोवर त्यांनीच साहेबांना सांगितलं, "सील तुटला."

"कोणी तोडलं?"

"नावेवर काय पन तुटला तं तो तांडेलाचा."

साहेबांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडायला हवं होतं. मी शिडाकडे बघत राहिलो, जणू त्यातच काहीतरी बिघाड आहे.

साहेबांचे मित्र हळूच म्हणाले, "सील गेलंच आहे, तर दोन तास इंजिन चालवू. इथे बघतंय कोण?" साहेब नाही म्हणाले नाहीत. काका उठले. सदरा वर करून त्यांनी कमरेचा काळा करगोटा सोडला. आमच्याकडे जिवंत माणूस करगोटा असा उगाच काढत नाही. खाली जाऊन त्यांनी तो दांड्याला गुंडाळला, गाठीवर गाठ मारली आणि वर येऊन म्हणाले, "आता ज्याला इंजन चालवायचा त्यानं माजा करगोटा कापायचा."

कोणी उठलं नाही. दोन दिवसांनी वारा आला, पहिल्यांदा अर्थात काकांच्या मानेवर.

कोचीनला आम्ही दुसरे पोचलो. साहेबांनी स्वतःच सील तुटल्याचं कळवलं. तपासायला आलेल्या माणसाने करगोट्याच्या गाठी बघितल्या, हसला, पण नियम तो नियम. आमच्या बोटीचं नाव निकालातून गेलं. दांड्यावरचा करगोटा काकांनी परत घेतला नाही; तो माझ्याकडे राहिला. "इंजनाला बांधलेला कमरेला नाय चालत," म्हणाले. शिडाच्या सुताचा एक धागा बांधून घरी आले.

पुढच्या वर्षी शर्यतीची तयारी सुरू झाली. साहेब म्हणाले, "तुझा तांडेल माणूस चांगला आहे, पण हात धड नाही, सील तोडून बसला. शिकलेला माणूस बघतोय." मी मान हलवली.

त्याच आठवड्यात सासरी गेलो. काकांनी शीड अंगणात पसरलं होतं. एरवी दिवाळीनंतर काढायचे, या वर्षी गणपतीतच काढलं होतं. कडेने शिवण तपासत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायबांचा काय निरोप?"

"अजून काही नाही, काका."

"बरा. मी हाय इथंच." आणि कॉलर खाली ओढून मान फिरवली.

सोमवारी पहिला भोंगा व्हायच्या आत मी साहेबांच्या केबिनमध्ये होतो. सगळं सांगितलं. कंकणापासून सुरुवात केली, म्हणून जरा लांबलं. साहेब उठले. "गाडी काढायला सांग. घिवलीला जायचंय."

काकांना माफी वगैरे ऐकायची नव्हती. साहेब बोलायला लागले तसे त्यांनी मधेच विचारलं, "कंदी निघायचा?"

"पंधरा दिवसांनी. आणि हा," साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, "किनाऱ्यावरून बॅटऱ्या बघेल."

"बरा झाला," काका म्हणाले. "दर्याला पन जरा आराम."

त्या खेपेला ते कितवे आले ते मी विसरलो; काकाही विसरले होते. परतल्यावर महिनाभर ते फक्त एका वाऱ्याबद्दल बोलत. बेटाला वळताना मिळाला, सलग चार दिवस, शिडाला हात लावायची गरज नाही असा. तीच त्यांची शेवटची शिडावरची सफर. पुढे काही वर्षांनी ते गेले. मुलांनी त्यांच्या अंगावर ते जुनं शीड पांघरलं होतं. मी तो तेलकट करगोटा खिशात घेऊन गेलो होतो. तसाच परत आणला. अजून हत्यारांच्या पेटीत आहे.

साहेबांना सांगून टाकलं त्या संध्याकाळी घरी आलो, तेव्हा हिलाही पहिल्यांदाच सगळं सांगितलं. वर्षभर हिच्यापासूनही लपवलं होतं. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सील तुमीच कापलात ते मला ठावकं होतं. वर्ष झालं, घरातला एक लोंबता दोरा कापला नाय तुमी. आता ती कातरी घ्या नि उशीच्या अभ्र्याची दशी काढा, केव्हाची लोंबतेय."