दी एंडनंतरचं रीळ

"बया, नवरा-बायकोत बी एवढी माया नसती गं!"

माझ्या पुढ्यात बसलेली बाई शेजारणीला म्हणाली. तिच्या मांडीवर पोर झोपलं होतं आणि ती पदरानं डोळे टिपत होती. पडद्यावर जंगलातली एक झोपडी होती. त्या झोपडीत दोन जंगलरक्षक राहायचे. एकाला ताप भरला होता आणि दुसरा त्याच्या कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवत होता.

"खरं हाय," माझी थोरली मामी म्हणाली. "मला ताप आला की आमच्यातलं इचारत्यात, मग आज भाकरी कोण करणार?"

आजूबाजूच्या बायका खुदखुदल्या. मी मात्र हसले नाही. मी श्वास धरून बसले होते, कारण पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं.

हा सिनेमा मी साताऱ्यात पाहिला होता, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, खुर्च्यांच्या थिएटरात. तापातून जरा सावरलेला तो दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवतो, दुसरा आपली घोंगडी त्याच्याभोवती ओढून घेतो आणि गाणं सुरू होतं. साताऱ्यात नेमक्या त्या वेळी मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या, मुके घेतल्याचे आवाज आले. "लग्न लावा रे यांचं!" आमच्याच कॉलेजातला कुणीतरी ओरडला आणि अर्धं थिएटर हसलं. मैत्रिणीही हसल्या. मी खाली चपलांकडे बघत राहिले. पाचगणीला शाळेच्या होस्टेलमध्ये असताना मला कळलं होतं की अशा माणसांसाठी इंग्रजीत एक शब्द आहे. तो कुजबुजत उच्चारायचा आणि खिदळायचं, एवढाच त्याचा उपयोग. तो शब्द निघाला की मी का गप्प व्हायची, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आता मी होते मामाच्या गावी, सांगलीकडे, कृष्णाकाठी. चैत्रातली जत्रा होती आणि जत्रेत दरवर्षी येणारा सिनेमाचा तंबू होता. मधोमध कनात लावलेली, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला गडीमाणसं. घरून आणलेली पोती अंथरून सगळे जमिनीवर. कनातीला माझ्याशेजारीच एक उभी फट होती. त्या फटीतून मला दोन माणसं दिसत होती, आणि माझा श्वास अडकला होता तो त्यांच्यासाठी. एक माझा धाकटा मामा आणि दुसरे हवालदारमामा.

धाकटा मामा आईचा सख्खा भाऊ. हवालदारमामा आमच्या नात्यातले कुणीच नव्हेत. वडूजकडचे, मामाच्याच पलटणीतले. दोघांनी एकदमच पलटण सोडली. मामा घरी आला तेव्हा त्याच्यामागून दुसरी काळी ट्रंक खांद्यावर घेऊन तेही उतरले. चार दिवस राहतो म्हणाले होते. तेव्हापासून दोघं मळ्यातल्या दोन खोल्यांत राहत होते आणि मामाच्या वाटणीचा ऊस दोघं मिळून करत होते. मी लहानपणी त्यांच्या हुद्द्याला मामा जोडून टाकलं आणि ते तसंच राहिलं. भाकरी हवालदारमामांची चांगली, कालवण मामाचं. सकाळी चहाला आधी कोण उठणार यावर त्यांची रोज भांडणं. पुढे नोकरी लागल्यावर मी दिवाळीत मळ्यावर जायची, तेव्हाही भांडण तेच होतं.

गाव त्यांना 'जोडी' म्हणायचं. मामा एकटाच बाजारात दिसला तर लोक सरळ विचारायचे, "का ओ, आज जोडी फुटली जणू?" त्यात टोमणा नव्हता. असला तरी मला कधी ऐकू आला नाही, आणि माझे कान तसे तिखट होते.

पण त्या वर्षी जोडी खरंच फुटणार होती. खंडाळ्याकडचे पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या लग्नाची सुपारी फोडायला येणार होते. सगळं थोरल्या मामांनी ठरवलं होतं. धाकट्या मामानं आधी हसून, मग चिडून नाही म्हणून पाहिलं आणि शेवटी बोलणंच सोडलं. "बाईमाणूस घरात आल्यावर परका गडी कसा ठेवायचा?" थोरले मामा म्हणाले होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हवालदारांना वडूजला भाऊ आहेत, पोटापुरती कोरडवाहू जमीन आहे, त्यांचंही नीट होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हवालदारमामा यावर फक्त "बरोबर हाय" म्हणाले. सुपारी फुटली की ते निघणार होते.

आणि त्या संध्याकाळी आम्ही सगळे सिनेमाला आलो.

गंमत अशी की पडद्यावर ती झोपडी आली तेव्हा सिनेमा केव्हाच संपला होता. दोन रक्षकांपैकी एकानं दुसऱ्यासाठी गोळी झेलली होती, त्याच्या मांडीवर जीव सोडला होता. उरलेल्याचं नायिकेशी लग्न लागलं होतं, आणि दी एंड अशी पाटीही येऊन गेली होती. माणसं पोती झटकत उठली होती. एवढ्यात गड्यांच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला.

"गाणं कुठं हाय रं?"

"रीळ खाल्लं! रीळ खाल्लं यानं!"

ते झोपडीतलं गाणं रेडिओवर रोज लागायचं आणि गावातल्या पोरासोरांना पाठ होतं. तंबूवाले दुसरा खेळ लवकर लावता यावा म्हणून मधलं एखादं रीळ गाळतात, ही गोष्ट त्या काळी सगळ्यांना माहीत होती. त्याला रीळ खाणं म्हणायचे. ते पकडणं हा जत्रेतला एक खेळच होता. आमच्या ऑपरेटरनं मात्र मुद्दाम काही केलं नव्हतं. झोपडीचं रीळ भलत्या डब्यात गेलं होतं आणि त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो घाबरून बाहेर आला, हात जोडले आणि म्हणाला, "बसा, बसा, दावतो की! तुमचं रीळ ठेवून मी काय करू?"

लोक पुन्हा बसले. दिवा गेला. आणि मघाशी मेलेला माणूस तापानं फणफणत, पण जिवंत, पडद्यावर आला.

क्षणभर कुणालाच काही उमगेना. मग ती पुढची बाई म्हणाली, "अगं, वाचला की त्यो!"

"मेला न्हवता व्हय?"

"त्ये सपान हुतं. तापात पडलं असंल."

"आन् लगीन?"

"त्ये बी सपानच."

एवढं बोलून बायकांनी तो प्रश्न मिटवून टाकला. नायिकेची चौकशी कुणीच केली नाही. आता त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या जात होत्या, त्याला हातानं पेज भरवली जात होती, आणि मामी नि बाकीच्या बायका नवरा-बायकोच्या मायेची तुलना करत होत्या. मी एकटी होते जिला खरा क्रम माहीत होता. आता तो खांद्यावर डोकं ठेवील. आता शिट्ट्या येतील.

त्यानं डोकं ठेवलं. दुसऱ्यानं घोंगडी ओढून घेतली.

तंबूत कुणी हसलं नाही. शेंगा फोडल्याचा आवाजसुद्धा थांबला. बाहेर तेवढं विजेचं इंजिन धडधडत होतं. मग गाणं सुरू झालं आणि गड्यांच्या बाजूनं ते हळूहळू, खालच्या आवाजात, बरोबरीनं म्हटलं जाऊ लागलं. ऊसतोडीला, मोटेवर राबलेली माणसं ती. सूर कुठल्या कुठे जात होता. मी फटीतून पाहिलं. धाकटा मामा समोर बघत होता, गाण्यात नव्हता. हवालदारमामांची मान खाली होती, आणि त्यांनी मामाच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती, जत्रेत हरवू नये म्हणून लहान मूल धरतं तशी. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे पडद्यावरच्या दोघांकडे बघून रडत होते.

गाणं संपलं. चुलीजवळ ते दोघं बसलेले, एक हसतोय, दुसरा त्याच्याकडे बघतोय, इथे ते रीळ संपत आलं. आणि गड्यांच्या बाजूनं एक भरलेला आवाज उठला.

"आता बंद कर रं! हितंच ऱ्हाऊ दे! पुढचं काय दावू नगंस!"

तो आवाज थोरल्या मामांचा होता.

"व्हय, हितंच ऱ्हाऊ दे!" आणखी चारपाच जण ओरडले. कुणीतरी टोपी हवेत उडवली. ऑपरेटरकडे पुढचं दाखवायला काही नव्हतंच. पण माणसं चेहरा उजळून बाहेर पडली, जणू त्यांनीच त्या दोघांना वाचवलं होतं. वाटेत थोरले मामा उपरण्यानं नाक पुसत मामीला म्हणाले, "लय ग्वाड शेवट केलाय." जत्रा संपेपर्यंत तंबूवाल्याला तो सिनेमा रोज त्याच उलट्या क्रमानं दाखवावा लागला. सरळ दाखवला असता तर गावानं तंबू उचकटला असता.

साताऱ्यातल्या शिकलेल्या मुलांनी जे हसण्यावारी नेलं, ते इथे सगळ्यांनी आपलं म्हणून घेतलं, याचा मी त्या रात्री अंथरुणात पडून विचार करत होते. त्यांना तो शब्द माहीत नव्हता म्हणून का? की माया आहे एवढं दिसलं आणि तेवढं पुरलं? पण मग मळ्यातल्या दोघांकडे बघताना त्यांना तेच का दिसत नव्हतं? की दिसत होतं? आणि खंडाळ्याची ती मुलगी, जिला मी पाहिलंही नव्हतं, तिच्या वाट्याला कोणता सिनेमा येणार होता? सपानातलं लग्न म्हणून तिला पुसून टाकणं काही कुणाला जमणार नव्हतं.

सकाळी सोप्यात जाजम अंथरलं. पाहुणे यायला अवकाश होता. थोरले मामा पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसले होते. धाकटा मामा खांबाला टेकून, नवा सदरा घालून, दाढी केलेला, आजाऱ्यासारखा. हवालदारमामा मळ्यावरून आले ते ट्रंक घेऊनच. उंबऱ्याबाहेर ती ठेवली, पायताण काढलं आणि म्हणाले, "दादा, दुपारची वडूज गाडी गावंल मला. पाव्हणं यायच्या आत निघतो. मधी कशाला?"

"आवं, जेवून जावा की," थोरले मामा म्हणाले. त्यांनाही कसंतरी होत होतं. "असं काय परक्यावानी?"

"परकाच न्हवं का," हवालदारमामा हसून म्हणाले.

धाकटा मामा नव्या सदऱ्याची बाही बोटानं चुरगळत होता.

मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. पाचगणीहून आल्यापासून आजोळी मी वडीलमाणसांसमोर हो-नाहीपलीकडे कधी बोलले नव्हते. माझं मराठी पुस्तकी वाटेल म्हणून लाज, आणि आपल्या आतलं काही बाहेर पडेल म्हणून भीती. "तोंडात इंग्रजी साळंचं कुलूप हाय पोरीच्या," असं थोरले मामाच म्हणायचे. मी पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला. दुसरा धाकट्या मामापुढे. तिसरा घेऊन बाहेर गेले, तो हवालदारमामांच्या हातात दिला आणि त्यांची ट्रंक उचलून आत घ्यायला लागले. ती जड होती. फरशीवर घासत आणली. तिचा आवाज ऐकून स्वयंपाकघरातून मामी डोकावली.

"अगं, काय करतीस?" थोरले मामा म्हणाले.

मी ट्रंकेवर हात ठेवूनच बोलले, आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

"मामा, काल तंबूत तुम्हीच ओरडलात ना, हितंच ऱ्हाऊ दे, पुढचं दावू नगंस म्हणून? मग यांचंही इथंच राहू द्या."