राणीचं लॉन

मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ गेल्या वर्षी युरोपची टूर करून आले. तिथे गाइडने त्यांना फ्रान्सच्या एका राणीची बाग दाखवली. तेव्हापासून ते लोकांना स्वतःची गॅलरी दाखवतात. त्या गाइडसारखी मिटलेली छत्री उंच धरून पुढे चालतात. चालायला जागा चार पावलं. "ग्रुपने एकत्र राहा," असं मला एकट्याला बजावतात. राणीला साधेपणाची हौस होती, म्हणून तुळस तेलाच्या डब्यात. शेवटी टबातल्या दूर्वा. "हे राणीचं लॉन. हात लावायचा नाही." इथल्या उन्हाळ्यात तो टब ते दिवसातून तीनदा सावलीत सरकवत.

यंदा गणपतीच्या सकाळी भारतातून मागवलेल्या आमच्या दूर्वा पिशवीतच कुजलेल्या निघाल्या. गुरुजींना अजून चार घरं करायची होती. मी धावत वर गेलो.

"एकवीस दूर्वा मिळतील का?"

"आधी टूर," म्हणत त्यांनी छत्री उचलली.

मी घड्याळ बघत राणीच्या आवडीनिवडी ऐकल्या. टबापाशी मात्र त्यांनी छत्री खाली ठेवली. मग नखं कापायची कात्री आणून वाकले. एकवीस झाल्या तरी थांबेनात.

"अहो, पुरे!"

"खालच्यांच्याही कुजल्या असणार. सगळ्यांच्या एकाच विमानाने येतात."

टब पार बोडका झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दर्शनाला आलेले पाहुणे त्यांनी वर नेले. बोडक्या टबापाशी छत्री थांबली.

"इथे राणीचं लॉन होतं," ते म्हणाले. "मग क्रांती झाली. खलास."