मधूचे फेटे

सायवनला येणारी दुपारची एसटी थांबली आणि कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत थेट शाळेच्या पडवीत आला. मी मुलांना पाढे म्हणायला लावले होते. "डहाणूचे मधू मिस्त्री तुमचे कोण, बाई?" त्याने विचारलं. धाकटा भाऊ, मी म्हटलं. "सकाळी गेले ते. डहाणू रोडला निरोप मिळाला. मिस्त्रींच्या बहिणीला याच गाडीने घेऊन ये म्हणालेत." गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं, पुष्कळ रडले. पण त्याआधी मनात काय आलं तेही सांगून टाकते. ज्या गावात मी इतकी वर्षं शिकवते तिथेही आज गाडी थांबली होती ती मिस्त्रींच्या बहिणीसाठी... जातानासुद्धा हा पुढेच.

आमचे आबा होड्या बांधणारे सुतार. खाडीच्या काठी सुरूच्या झाडांखाली आमचा मांडव होता आणि घरात आम्ही दोघंच भावंडं. मधूला सहाव्या वर्षी लाकूड तासायचा वाकस धरायला दिला. मला मात्र रीत शिकवली, की होडी पाण्यात उतरेपर्यंत बाईचा पाय तिला लागायचा नाही. माझ्या वाट्याला आली ती आग. सागाची फळी होडीच्या अंगाला वळवून बसवायची, तर तिला एका बाजूने शेकायचं आणि दुसऱ्या बाजूने ओल्या फडक्यांनी भिजत ठेवायचं. आग जमिनीवर असते, त्यामुळे रीत मोडत नाही. ते काम मला आबांपेक्षा चांगलं यायचं. फळी मऊ झाली की तिचा वास बदलतो, तो मला बरोबर कळायचा. पण होडी उतरायच्या दिवशी तिचा मालक, नाखवा, पाटावर बसवून फेटा बांधायचा तो आबांना, आणि पुढे मधूला. ओवाळायला मी. एकदा, फक्त एकदा, चारचौघांसमोर त्या पाटावर बसावं असं मला फार वाटायचं. अजून वाटतं.

मग होड्यांना इंजिनं आली. शिडाच्या जुन्या होडीतच इंजिन बसवायचं, आणि समुद्रावरून आल्यावर नाखव्यांनी डोकं धरायचं. "मिस्त्री, दारूड्यासारखा पितो हा डिझेल! मासली इकून काय हाताला लागत नाय," असं सगळ्यांचंच. मधूने पांगाऱ्याच्या लाकडाच्या वीतभर होड्या कोरल्या, एखादी मागून जाड, एखादी बारीक. मासळी तोलायच्या ताणकाट्याला दोरीने एकेक होडी बांधून ती खाडीतून ओढायची आणि काटा किती ताण दाखवतो ते बघायचं, हा त्याचा उद्योग. कंबरभर पाण्यात ओढत चालणारी मी. हा काठावर बसून, "बाय, सावकाश गं, पाणी हलवू नको!" शिडाच्या होडीचा मागचा भाग भरलेला असतो. त्यामागे पाणी घुसळतं आणि इंजिनाच्या पंख्याला धड पाणीच मिळत नाही. मागचा भाग निमुळता केला की पाणी गप्प येऊन मिळतं आणि तेवढ्याच डिझेलमध्ये होडी लांब जाते. हे त्याने शोधलं, हे मी नाकारत नाही. पण खऱ्या होडीचा निमुळता भाग कोरता येत नाही, तो फळ्यांचा असतो. सरळ चाललेली फळी मागे येता येता जवळजवळ उभी पिळावी लागते, आणि साग काही मधू मिस्त्रींचं नाव ऐकून वाकत नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी सायवनला आले होते. समुद्र तर सुटलाच, त्यात मांडवही सुटला. त्या उन्हाळ्यात मधूने मला न बोलावता स्वतःच फळ्या शेकल्या. थोड्याच दिवसांत स्वारी सायवनला दारात हजर. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "फळी मोडली, बाय. दोन मोडल्या." मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. यजमान बघतच राहिले. तेव्हापासून दर मे महिन्याच्या सुट्टीत तो मला न्यायला यायचा, आणि त्याच्या नावाच्या प्रत्येक होडीच्या मागच्या फळ्या माझ्या आगीतून गेल्या. झाई गावापासून खाली पार कुठकुठले नाखवे यायचे, "मधूची होडी पायजे" म्हणत. मधूची! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातही एक गोष्ट मला फार झोंबायची. फळीवर घालायला माझ्या बादलीत पूर्वी गोणपाट असायचं. मग मधू फेट्यांचे तुकडे आणून टाकायला लागला. लाल, केशरी, मानाचे फेटे, टराटरा फाडलेले. मला वाटायचं, बघा केवढी मिजास, याला मान इतका उतू चाललाय की फडकी करतोय! ज्याच्यासाठी मी जन्मभर झुरले ते मला पिळायला देतोय. एकदा रागाने विचारलं तर हसून म्हणाला, "सुती कापड पाणी धरतं गं."

या मे महिन्यात तो खाटेवरून उठत नव्हता. खाट मांडवात आणायला लावली होती. होडीच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या फळ्या तेवढ्या राहिल्या होत्या, पण मी बरा झाल्यावरच त्या बसवू, असा त्याचा हट्ट. शाळा उघडायची म्हणून मी निघाले. आज तरी काही बोलेल म्हणून जरा रेंगाळलेसुद्धा. तो म्हणाला, "फडकी वाळत घातलीस का?" बस्स, एवढंच... हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झालं आणि त्या होडीचा नाखवा दारात येऊन उभा राहिला. "बाय, तुमच्याबिगर हे होनार नाय." मी रजा वाढवली, आग पेटवली आणि मधूच्या हाताखालच्या गड्यांकडून दोन्ही फळ्या बसवून घेतल्या. एकही तडकली नाही. गेल्या आठवड्यात नारळी पौर्णिमेला होडी उतरली. पाट मांडला तेव्हा मी पदर सावरून पुढे झाले. नाखव्याने पाटावर मधूचा फोटो ठेवला आणि नवा केशरी फेटा त्या फोटोला बांधला. माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. मी फोटोला ओवाळलं! म्हणजे मेल्यावरसुद्धा तोच.

फोटो घेऊन घरी आल्यावर मी सुमनवर, माझ्या भावजयीवर, सगळा राग काढला. ती बिचारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वन्सं, त्यांनी एकही फेटा घरात राहू दिला नाही. मी एक लपवून ठेवला होता, तोही नेला. म्हणायचे, हा बायचा आहे, तिच्याकडे गेला पाहिजे."

 ते ऐकून मी आणखीनच चिडले. अरे, मग तोंड नव्हतं का तुला? पाटावर बसला होतास तेव्हा, सगळ्यांसमोर, एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? बादलीत कसले मान टाकतोस, मेल्या...

उठून मी फोटोवरचा फेटा उतरवला आणि मधोमध फाडला. अर्धा त्याच्या फोटोला परत बांधला. अर्धा घेऊन आले. सायवनला माझ्या चुलीशेजारच्या खुंटीवर तो आहे. नाखव्याच्या भावाला पुढच्या उन्हाळ्यात होडी हवी आहे, मधूसारखी. गड्यांना मी हो कळवलंय. तोवर हे फडकं मी भिजवणार नाही. घरात कुणी नसलं की डोक्याला गुंडाळून बघते. अर्धाच असल्यामुळे नीट बसत नाही.