अंगठ्याएवढं अंतर

ऑफिसात तिला सगळे 'रंगारीण' म्हणत. सोळा वर्षं ती सॉफ्टवेअरचे स्क्रीन आखत होती. काय कुठे दिसावं, माणसाचा हात आधी कुठे जाईल, चुकला तर मागे कसा येईल, हे तिचं काम. पण ते तिच्याकडे यायचं सगळं बांधून झाल्यावर. "ताई, जरा रंग भरून द्या."

या खेपेला दवाखान्याचं नोंदणी ॲप होतं. नऊ पानांचा फॉर्म, आणि तळाशी 'पाठवा' नि 'सगळं पुसा' ही दोन बटणं एकमेकांना खेटून, एकाच मापाची. सोमवारी ॲप लोकांच्या हातात जाणार होतं.

प्रत्येक स्क्रीन आधी वडिलांपुढे ठेवायचा, हा तिचा जुना शिरस्ता. वडील वायरमन, जन्मभर पक्कड धरून अंगठा रुंदावलेला. अर्धा तास खपून त्यांनी फॉर्म भरला आणि एका दाबात कोरा केला.

"माझंच चुकलं गं," म्हणत त्यांनी फोन बाजूला ठेवला. पुन्हा भरायला काही केल्या तयार होईनात.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. असे किती अंगठे सोमवारी फोन बाजूला ठेवतील!

शुक्रवारी तिने मुख्य प्रोग्रामरला गाठलं.

"पुसायचं बटण वर ने. आणि दाबलं की आधी विचार, खरंच पुसू का."

"तीनशे वेळा तपासलंय, ताई. एकदाही चुकलं नाही."

"कशावर तपासलंस?"

त्याने टेबलावरच्या ऐसपैस मॉनिटरकडे आणि माउसकडे बोट दाखवलं.

"ऊठ. हा फोन घे. दुसऱ्या हातात ही पिशवी धर. आता उभ्याउभ्या भर."

"शाळा आहे का ही?"

"शाळेत निदान पाटी स्वतःच्या हाताने पुसायचास. भर."

बघ्यांची गर्दी जमली. सातव्या पानावर पिशवी हातातून घसरायला लागली. नवव्यावर त्याने अंगठा टेकवला. फॉर्म कोरा.

"सर, पुन्हा भरताय ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"फोन खराब आहे," तो म्हणाला. पण संध्याकाळपर्यंत बटण वर गेलं होतं. बदलांच्या यादीत त्याने नोंद केली: रंगांत किरकोळ सुधारणा.

सोमवारी वडिलांना तिने गळ घालून पुन्हा बसवलं. फॉर्म पहिल्या फटक्यात गेला.

"बघ," ते खुशीत म्हणाले, "या वेळी मी नीट लक्ष दिलं."

तिने कपाळावर हात मारून घेतला.