भिंतीचे उजवे फोटो

ऑफिसात तिला सगळे टेम्प्लेटबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. बाटल्यांच्या त्या कारखान्यात अहवाल म्हटला की ज्याची त्याची तऱ्हा. कुणी अक्षरं गुलाबी करायचा, कुणी फोटो तिरका चिकटवायचा, कुणाचं शीर्षक पानाबाहेर पळायचं. शेवटी वैतागून हिने स्लाइडच्या साच्याची एक फाईल केली. वर पट्टी, मध्ये फोटोची चौकट, खाली सहीची जागा. चौकटीबाहेर गेलात तर माझ्याशी गाठ आहे, असं सगळ्यांना बजावून ठेवलं. पंचेचाळिशीची, धाकट्या बहिणीबरोबर राहणारी, कामाला वाघ. तिच्या हातून चूक होते असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे, म्हणून तिचं काम कुणी तपासतही नसे.

कारखान्याच्या मागे डोंगर होता, आणि डोंगराची माती थोपवून धरणारी पाच पुरुष उंच पांढरी भिंत. ती पुढे फुगतेय का, हे दर महिन्याला बघावं लागे. पांढऱ्या भिंतीचा फुगवटा असा सहजासहजी नजरेला कळत नाही. म्हणून मोजणीकाका दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन समोर उभे राहायचे आणि एका दमात दोन फोटो काढायचे, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या डोळ्याचा. दोन्ही शेजारी शेजारी बसवले की त्याची जोडफोटोची फाईल व्हायची. ती साहेबांच्या खोलीतल्या खास चष्म्यातून बघितली की भिंत समोर उभी राहायची, खोलगटपणा-फुगवट्यासकट. काकांनी फोटो काढायचे, बाईने फाईल करायची, साहेबांनी बघून सही करायची. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तिथे पद्धत नव्हती.

फोटो जोडणारं जुनं मशीन एक दिवस बंद पडलं ते पडलंच. नवं येतंय, येतंय म्हणत सहा महिने गेले असते, पण ही थांबतेय कसली! इंटरनेटवर शोधशोध शोधलं आणि एक फुकटची साइट सापडली. इथे साच्याची फाईल टाका, तिथून जोडफोटोची फाईल घ्या, बस्स. ना नाव विचारत, ना गाव. साइट फाईल एकच मागत होती आणि साच्यात चौकटही एकच होती. मग हिने चौकटीत डावा फोटो बसवला आणि बटण दाबलं. हिरवी रेघ सरकत सरकत टोकाला गेली, 'झालं' अशी अक्षरं उमटली. फाईल साहेबांच्या चष्म्यात लगेच उघडली. उजव्या डोळ्याचं काय ते साइट बघत असेल, असं तिने गृहीत धरलं. उजवे फोटो एका फोल्डरात पडून राहिले.

तिने स्वतः चष्मा लावून बघायला हवं होतं की नाही? हवंच होतं. पण तिचा उजवा डोळा लहानपणापासून नुसता शोभेचा. त्याने उजेड कळायचा, बाकी काही नाही. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरीच्या तपासणीत तिने बोटांच्या फटीतून डाव्या डोळ्यानेच अक्षरं वाचून दाखवली होती, आणि एकवीस वर्षं ते गुपित सांभाळलं होतं. तिला जुन्या मशीनची भिंत आणि नव्या साइटची भिंत सारखीच दिसली असती. म्हणून ती त्या चष्म्याच्या वाटेला कधी गेलीच नाही.

असे सव्वीस महिने गेले. प्रत्येक महिन्याला साहेबांचा शेरा एकच, फुगवटा नाही. पहिल्या वेळी ते खूश होऊन म्हणाले होते, "भिंत बसली हो शेवटी जागेवर!" चांगली बातमी उलटून बघायचा त्यांना कंटाळा. त्यातच मध्ये वरून हुकूम आला की भिंतीलगतचं रिकामं गोदाम वापरात घ्या. तिथे बाटल्या तपासायचा हॉल झाला, आणि एकसष्ट बायका त्यात बसायला लागल्या. त्यात एक हिची धाकटी बहीण.

धाकटी घरी येऊन हॉलच्या गमती सांगायची. "अगं ताई, आमचं मागचं दार ना, महिन्यात दोनदा सुताराने तासलं, तरी परत अडकतंय. आणि कोपऱ्यात पाणी कुठून येतं देव जाणे. आम्ही खाली पोतं टाकतो."

"नवीन जागा आहे, बसेल हळूहळू," ताई म्हणायची आणि जेवायला वाढायची.

त्या महिन्यात मोजणीकाका फोटो द्यायला आले ते खुर्ची ओढून बसलेच. पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला. म्हणाले, "बाई, एक विचारू? फुगवट्याचं वर काही ठरलं की नाही? मला वाटलं होतं, एव्हाना हॉल रिकामा करतील."

"कुठला फुगवटा? सव्वीस महिने शून्य आहे, काका."

"काय सांगताय काय! अहो, गेल्या पावसाळ्यापासून ती पोट पुढे काढून उभी आहे. लांबून दिसत नाही, पण मी रोज बघणारा माणूस. मला पाणी झिरपायला ठेवलेली पाझराची भोकं तिरपी झालेली कळतात. फाईल दाखवा बघू."

तिने दाखवली. काकांनी चष्मा मागितलाच नाही. भिंतीपुढे दिव्याचा एक खांब होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "डाव्या फोटोत खांब चौथ्या भोकाला झाकतो. बरोबर? आता उजव्यात तो सरकून तिसऱ्याला झाकायला पाहिजे, कारण उजवं भिंग बाजूने बघतं. इथे काय दिसतंय?"

उजव्या बाजूलाही चौथंच भोक झाकलेलं होतं. तिने मागच्या महिन्याची फाईल उघडली, त्याच्या मागच्या, त्याच्याही मागच्या. सगळीकडे चौथं. साइटने एकच फोटो दोनदा छापून दिला होता, सव्वीस वेळा. दोन्ही डोळ्यांना तेच चित्र दाखवलं तर डोंगरही कागदासारखा सपाट दिसणार. हे कळायला एक डोळाही पुरला असता, आणि तिने तोही लावला नव्हता.

उजव्या फोटोंचा फोल्डर तिने त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. या महिन्याचे दोन्ही फोटो स्वतःच्या हाताने शेजारी शेजारी बसवले, साचा नाही, पट्टी नाही, सहीची जागा नाही, आणि काकांना घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, माझ्या फायली चुकीच्या होत्या. सगळ्या. ही बघा."

"उघडत होत्या ना? मग चुकीच्या कशा?" साहेब हसले. "तुम्ही स्वतः चष्म्यातून बघितलं होतं?"

"मला चष्म्यातून दिसत नाही. माझा उजवा डोळा अधू आहे. मी लपवलं होतं."

"म्हणजे ज्या बाईला दिसत नाही, ती मला सांगणार भिंत कशी आहे ते?"

"मी सांगत नाही. तुम्ही बघा."

साहेबांनी चष्मा लावला आणि झटक्यात डोकं मागे घेतलं, कुणी अंगावर धावून आल्यासारखं. चष्मा काढला तेव्हा चेहरा पांढराफटक होता. तिला वाटलं, आता हॉलला फोन लावतील.

"ही फाईल आणखी कुणी बघितलीये?" साहेबांनी विचारलं. "सह्या माझ्या आहेत बाई, सव्वीस. सोमवारी शांतपणे बसून बघू. तोवर कुठे बोलायचं नाही, काकांनीही नाही. दोन वर्षं उभी आहे ना? दोन दिवसांत काय होतंय!"

ती जिना उतरली, अंगण ओलांडलं. काका मागून येत होते, त्यांना दम लागला होता. हॉलचं मागचं दार आज उघडतच नव्हतं, ती पुढून आत शिरली. एकसष्ट जणी दिव्यासमोर बाटल्या फिरवून बघत होत्या. भिंतीकडच्या शेवटच्या ओळीत धाकटी बसली होती. ताईने तिचं मनगट धरलं.

"ऊठ. बाहेर चल."

"अगं, काय झालं? आई गं, हात दुखतोय माझा!"

"भिंत येतेय. ऊठ."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "तूच तर म्हणालीस भिंत ठणठणीत आहे. म्हणून तर मी भांडून इथली जागा मागून घेतली."

मुकादम बाई तरातरा आली. "हा काय प्रकार आहे? काम थांबवायची परवानगी कुणाची?"

"माझी," टेम्प्लेटबाई म्हणाली, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली. "भिंत सरळ आहे असं सव्वीस महिने मीच फायलींत दाखवलं. ते खोटं होतं. चूक माझी आहे, मला काय करायचं ते नंतर करा. आत्ता उठा सगळ्या!"

कुणी हललं नाही. बाटल्या हातातल्या हातात राहिल्या. मग धाकटीने स्टूल मागे ढकललं आणि शेजारणीचा दंड धरून तिला उभं केलं.