अण्णांची दोन कार्डं

दारावरची घंटा वाजली की अण्णा उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवत. मग रेडिओ बंद, पंखा बंद, स्वयंपाकघरातला नळ बंद. घरातली माणसं जिथल्या तिथे उभी. अण्णा पडद्याच्या कडेने बाहेर पाहत आणि जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणत, "स्वल्प थांबा. बघू दे कोण ते." बाहेर बहुतेक वेळा दूधवाला असे, नाहीतर मी.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले होते आणि इंदिरानगरमध्ये अण्णांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. पहिल्या महिन्याचं भाडं द्यायला खाली गेले तर कितीतरी वेळ कोणी दारच उघडेना. आतून मात्र फोडणीचा वास येत होता. घरमालक तुसडा दिसतो, असं मला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

अण्णांचं घराणं मराठी, पण तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. माणूस दारात मावणार नाही एवढा रुंद. पूर्वी ते हसले की कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू यायचं, असं शेजारचे सांगत. मी ते हसणं फारसं ऐकलं नाही.

बंगळूरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत त्यांची छोटी शेड होती. लोखंड कातायचं एक यंत्र, म्हणजे लेथ, आणि चार कामगार. एका मोठ्या कारखान्याला ते सुटे भाग करून देत. त्या कारखान्याने पैसे थकवले, आणि नेमकी त्याच दिवसांत टाय लावलेली मुलं शेडमध्ये येऊन क्रेडिट कार्डं वाटत होती. अण्णांनी तीन बँकांची तीन घेतली. "फुकट देतात म्हणाले. नको कशाला म्हणायचं?" त्यातल्या एकावर त्यांनी कामगारांच्या पगारासाठी रोख रक्कम काढली. पुढच्या महिन्यात पुन्हा काढली. कारखान्याचे पैसे आलेच नाहीत. व्याज मात्र वेळेवर येत राहिलं. मग वसुलीची माणसं आली.

ही हकीकत मला अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, जिन्याच्या पायरीवर बसून सांगितली. दोघे जण यायचे. आवाज चढवायचे नाहीत. चपला दाराबाहेर काढायचे, पाणी मागून प्यायचे. "साहेब नाहीत? बसतो आम्ही," म्हणायचे आणि बसायचे. एकदा उठताना त्यातला एक जण अक्कांना म्हणाला, "तुमची मुलगी सकाळी बस स्टॉपवर होती. पिवळ्या ड्रेसमध्ये. तिथे गर्दी फार असते, तिला जपून राहायला सांगा."

"शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं गं," अक्का म्हणाल्या.

त्याच आठवड्यात अण्णांनी लेथ विकला, शेड सोडली आणि त्या बँकेचा हिशेब मिटवला. स्वतःच्या शेडचा मालक आता दुसऱ्याच्या शेडमध्ये पगारावर उभा राहू लागला. माणसं यायची थांबली. भीती काही गेली नाही. गल्लीत मोटारसायकल हळू झाली तरी जेवताना त्यांचा हात ताटातच थांबायचा. मुलीला कॉलेजच्या बसमध्ये बसवून द्यायला ते रोज जात, आणि तिला पिवळा ड्रेस घालू देत नसत.

राहिली बाकीची दोन कार्डं. ती त्यांनी एकदाही वापरली नव्हती. कपाटात साड्यांखाली असत.

"बंद करून टाका हो ती," अक्का म्हणायच्या. "घरात साप ठेवल्यासारखं वाटतं मला."

"नोड, बघ तू, एकदा बंद केली की या नावाला पुन्हा कोण कार्ड देईल? उद्या लेथ घ्यायचा झाला तर फायनान्सवाला पहिल्यांदा काय मागतो? कार्डाची झेरॉक्स. कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवलाय, हे त्याला दिसायला लागतं. आमची पत आता तेवढीच राहिली."

"आणि ती आहेत तोवर मला झोप लागत नाही, त्याचं काय?"

अण्णा माझ्याकडे वळत. "तू कॉम्प्युटरवाली. तू सांग, नोडम्मा. ठेवू की बंद करू?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मी तसं सांगायची. "सरी, बरं," म्हणून ते उठून कपाट नीट लागलंय का बघत. कार्डं बंद करायला ते भीत, आणि ठेवायलाही. कोणी चोरून आपल्या नावावर खर्च केला तर? म्हणून ते त्यांच्या जागा बदलत. एकदा एक कार्ड कुठे ठेवलं तेच विसरले. सगळं घर उपसून झालं. अण्णांना दरदरून घाम सुटला. शेवटी ते तांदळाच्या डब्यात सापडलं. अक्का हसल्या, मीही हसले. अण्णा खुर्चीत बसून कार्डाला चिकटलेली तांदळाची भुकटी धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

मग तो रविवार आला. मी वर कपडे वाळत घालत होते. फाटकाशी मोटारसायकल थांबली. दोघे उतरले, चपला काढल्या. घंटा वाजली आणि त्याच वेळी घरामागे काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. मी धावत खाली गेले. अक्कांनी दार उघडलं होतं. त्यांच्या हातात एक कागद होता. माणसं नवीन होती, बोलणं तसंच मऊ. "चार दिवसांनी येतो, मॅडम," म्हणून ती गेली.

तांदळाच्या डब्यातल्या त्या कार्डाची वर्षाची फी भरलेली नव्हती. बँकेची पत्रं पीण्यातल्या शेडच्या पत्त्यावर जात होती आणि शेड तर केव्हाच सुटली होती. शेवटी तिथल्या शेजाऱ्याने त्या माणसांना घरचा पत्ता दिला होता. फी, तिच्यावर दंड, दंडावर व्याज.

"रिकाम्या खोलीचंही भाडं चढतं, मला माहीत होतं," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी न्हाणीघरात पाहिलं. आरसा, साबणाची वाटी, ओला ब्रश. अण्णा नव्हते. मागचं दार उघडं होतं आणि भिंतीलगतची कुंडी आडवी पडली होती.

अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तळ्याकडे बघ आधी," एवढंच म्हणाल्या.

अलसूरच्या तळ्यापर्यंत रिक्षा किती सावकाश गेली! मी कठड्याच्या कडेने चालत होते आणि पाण्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. एका ठिकाणी माणसं गोळा होऊन खाली वाकून पाहत होती. मी गर्दीत शिरले. एका पोराची चप्पल पडली होती आणि ती काठीने काढणं चाललं होतं. मी तिथेच कठड्याला टेकून मोठ्याने रडले.

परत येताना आमच्याच मागच्या रस्त्यावर, सलूनच्या आरशात मला त्यांचा खांदा दिसला. सलूनच्या दारात जाऊन उभं राहायची ती माझी पहिलीच वेळ. अण्णा गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून बसले होते आणि समोर वर्तमानपत्र धरलं होतं.

"अर्धी दाढी घेऊन पळालो," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, इथे पुरी करून घ्यावी. पैसे नाहीत गं माझ्याकडे." मग अगदी लहान आवाजात, "गेले का ते?"

"गेले."

"मुलगी?"

"घरात आहे, अण्णा. अक्कांजवळ."

तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. न्हाव्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन पाहिलं आणि मग खूण केली. तेव्हा कुठे अण्णा उठले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर महात्मा गांधी रस्त्यावरच्या त्या बँकेत गेले. दारावरच्या रखवालदाराने सलाम केला, तर अण्णांनी त्याला परत सलाम केला. आत माझ्याच वयाची एक अधिकारी मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं, दंड आणि व्याज माफ करून आणलं, फी भरून घेतली आणि कात्री पुढे केली. ज्या हातांनी आयुष्यभर लोखंड कातलं, त्यांना ते प्लास्टिक कापता येईना. कात्री दोनदा घसरली. शेवटी तिनेच कापलं.

"आता माणसं येणार नाहीत ना?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"लिहून द्याल?"

तिने लिहून दिलं. अण्णांनी शिक्का मागितला. तिने तोही मारला.

मग त्यांनी खिशातून दुसरं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे पण कापा. सगळं संपवा."

ते दुसऱ्या बँकेचं होतं. तिने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "याला फी आहे?"

"नाही. आयुष्यभर फी नाही, असं लिहून दिलंय."

"मग मी असते तर ठेवलं असतं. फी खाणारं कार्ड बंद केलेलं बरं. पण जुनं, फुकटचं आणि काही बाकी नसलेलं कशाला तोडायचं? तुम्ही म्हणता तसा लेथ घ्यायचा झाला तर हेच दाखवता येईल. फक्त त्या बँकेला घरचा पत्ता कळवा. अधूनमधून थोडं वापरा आणि लगेच भरून टाका."

अण्णांनी ते कार्ड उचललं. शिक्क्याच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

पुढच्या वर्षी त्याच कार्डाची झेरॉक्स जोडून त्यांना एका जुन्या लेथसाठी कर्ज मिळालं. महादेवपुऱ्याकडे एका ओळखीच्या माणसाच्या शेडचा कोपरा त्यांनी भाड्याने घेतला. कार्डावर त्यांनी एकदाच कुकर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी बँकेच्या काउंटरवर जाऊन पैसे भरले. ते भरून आले त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं की नाही, माहीत नाही. वरच्या खोलीपर्यंत आलं.

मग माझं लग्न झालं आणि मी पुण्याला परतले. त्यानंतर काही वर्षांनी अक्कांचा फोन आला. अण्णा शेडमध्येच गेले होते, सकाळी काम सुरू करता करता. तेरावा होऊन गेला होता. लेथच्या हप्त्यांपैकी शेवटचा त्यांनी आदल्याच महिन्यात भरला होता.

"मी बँकेत गेले होते, कार्ड बंद करायला," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. "भीत भीतच गेले बघ. वाटलं, काहीतरी निघेलच. तिथल्या बाईने त्यांचं नाव घातलं, पडद्यावर बघितलं, आणि म्हणाली, काहीच बाकी नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा. तिने पुन्हा बघितलं. म्हणाली, अक्का, एक पैसाही नाही."

मागे स्वयंपाकघरातला नळ वाहत असल्याचं ऐकू येत होतं.

"एवढं ऐकायला तरी ते पाहिजे होते गं."