रिझिकीची चुकलेली ओळ

बी झमझम मकामे येत्या शुक्रवारी शेवटचं गाणार आणि मग गाणं कायमचं बंद, ही बातमी रेडिओवर लागली तेव्हा रिझिकी मंदाझी तळत होती. नारळाच्या दुधात आणि वेलचीत भिजवलेल्या पिठाचे ते फुगीर तुकडे कढईत सोडायचे, पलटायचे, काढायचे. तीस वर्षं ती हेच करत आली होती, झोपेतही करू शकली असती. पण त्या सकाळी अख्खा घाणा काळाठिक्कर पडला. मिचेंझानीच्या इमारतींखाली नाश्त्यासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकांनी आधी रेडिओकडं पाहिलं, मग कढईकडं पाहिलं, आणि तेच काळे तुकडे चहात बुडवले. आमच्या झांझिबारात माणसाचं दुखणं एक वेळ लपेल, भांडण लपत नाही.

तिच्या नवऱ्याला, हमादीला, मात्र राहवेना. "आता गं?" तो म्हणाला. "बाईच गायची थांबली, तर तू आणि तातू बोलणार कुठं?"

"आम्ही बोलतच नाही," रिझिकी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. न बोलायला तरी जागा लागते ना!"

तातू म्हणजे हमादीची धाकटी बहीण. रिझिकीची नणंद ती नंतर झाली. आधी ती तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका गल्लीत वाढल्या, एका मदरशात बसल्या, एकाच दिवशी कान टोचून घेऊन एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रिझिकीनं हमादीशी लग्न केलं त्यात हमादीचे गुण किती आणि तातूच्या घरात राहायला मिळेल हा लोभ किती, हे तिचं तिलाच ठाऊक. हमादी बिचारा आयुष्यभर म्हणत आला की आपण मध्ये आहेर म्हणून आलो.

आणि दोघींना वेड बी झमझमचं. पेंबा बेटावरच्या लवंगा तोडणाऱ्या मजुराची ही पोरगी. सोळाव्या वर्षी लग्नघरात पडद्याआड बसून गायली, आणि पडद्यापुढच्या बायकांनी जेवण सोडून पडदाच खाली ओढला. मग ती तारबच्या, म्हणजे आमच्याकडच्या मैफिलीच्या गाण्याच्या, क्लबात आली. पाठीमागं व्हायोलिनवाले, अ‍ॅकॉर्डियनवाला, मांडीवर कानून हे तारांचं वाद्य घेतलेला म्हातारा, आणि पुढं ही रुमाल हातात धरून खांबासारखी उभी. ना हातवारे, ना हसणं. नुसता आवाज. तिच्या कॅसेट मोंबासाच्या बाजारात वाजल्या, मस्कतच्या श्रीमंतांनी तिला विमानानं नेलं, दार एस सलामच्या मंत्र्यांच्या बायकांनी तिच्या ओळी पाठ केल्या. हे गाणं कुणावर आहे हो, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "ज्याला चिमटा बसला त्याच्यावर."

त्यातच सगळं आलं. तारब नुसतं ऐकायला कुणी जात नाही. बाईला जे तोंडानं बोलता येत नाही, ते ती तिथं गाण्याकडून बोलवून घेते. आपल्या मनातली ओळ आली की उठायचं, डुलत डुलत पुढं जायचं, हात उंच करून नोट गाणारीला द्यायची, आणि देताना ज्या बाईला ती ओळ लागू आहे तिच्याकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं. नोट पुढं आली की गाणारी ती ओळ तीनदा घोळवते. सगळ्या बायका माना वळवतात. काम झालं. सवत, सासू, शेजारीण, उसनी पातेली परत न करणारी, सगळ्यांचा हिशेब अशाच एकेका ओळीत चुकता व्हायचा.

चौऱ्याऐंशी साली एका लग्नात, भर दुपारी, चारशे बायकांसमोर बी झमझमनं नवं गाणं काढलं. दोघींच्या अंगावर एकाच ताग्यातले, अंगाभोवती गुंडाळायचे छापील कांगे होते. तातू पुढं बसली होती, रिझिकी मागं, कारण तिच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. तिसऱ्या कडव्याला ओळ आली,

ज्या फांदीला टेकले मी, तीच मला पाळणा झाली.

रिझिकीला भरून आलं. ही तर तातूच! तातूच्या नवऱ्यानं तीनच महिन्यांपूर्वी दुसरी बायको केली होती; लग्नाला नऊ वर्षं होऊन तातूची कूस उजवली नव्हती, एवढंच कारण. आज चारशे बायकांत तिचं कौतुक करावं, म्हणून रिझिकीनं मूल शेजारणीकडं दिलं आणि ती उठली.

आता अशा वेळी धावत जात नाहीत. धावणं म्हणजे उथळपणा. कमरेला लय देत, ओळखीच्यांना मान लववत जायचं असतं. रिझिकी तशीच निघाली, आणि मधल्या वाटेत बंदरावरच्या साहेबांची जाडजूड बायको स्वतःच्याच तंद्रीत नाचत आडवी आली. तिला ओलांडायला जागा नव्हती. ती हलेपर्यंत कडवं सरलं. रिझिकी व्यासपीठापाशी पोचली, हात वर गेला, आणि त्याच क्षणी बी झमझमच्या तोंडून निघालं,

दारात माजलं झाड एक, पानं लाख, फळ ना एक.

हात मागं घ्यावा तर गाणारीचा भर सभेत अपमान. रिझिकी दगड झाली. बी झमझमनं नोट पाहिली, आणि रिवाजाप्रमाणं ती ओळ तीनदा घोळवून गायली. चारशे माना तातूकडं वळल्या. तातूनं कांग्याचा पदर तोंडाशी धरला, उठली, आणि चप्पल न घालताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रिझिकी तिच्याकडं गेली. तातू शिवणकाम करायची. मशीन चालूच ठेवून ती म्हणाली, "बोल, ऐकतेय."

"वल्लाही तातू, मी आधीच्या ओळीला उठले होते गं! ती जाडी मध्ये आली—"

"असेल."

"असेल काय? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

तातूनं पायानं मशीन थांबवलं. "माझा आहे गं. त्या चारशे जणींचं काय? तू मला वांझ म्हणालीस सभेत, आणि परत घेतेस स्वयंपाकघरात? जिथं सांडलंस तिथं भर. नाहीतर माझ्याशी बोलू नकोस." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

म्हणणं रास्त होतं, हीच तर पंचाईत. रिझिकी पुढच्या कार्यक्रमाला अगदी पहिल्या रांगेत बसली आणि मैत्रीवरची एक गोड ओळ येताच ताडकन उठून नोट दिली, तातूकडं प्रेमानं बघत. सभेत हशा पिकला. बाहेर पडताना दोघी-तिघींनी तिच्या पाठीवर थाप मारली. "काय जिरवलीस गं! गोड बोलून कापणं म्हणतात ते हेच!" तारबात गोड ओळीचा अर्थ कुणी कधी गोड घेतला आहे? तातूचे कान लाल झाले. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः उठली आणि तिनं नोट दिली ती या ओळीला,

शेजारीण माझी मधाची बरणी, झाकण काढलं तर मुंग्याच मुंग्या.

मग काय, गावाला मेजवानीच. त्या दोघी येणार म्हटलं की बायका तास आधी येऊन जागा धरायच्या. रिझिकी जितकी गोड ओळ निवडी, तितकी ती लोकांना विखारी वाटे. जाणं सोडून द्यावं तर हरली म्हणतील, आणि मुख्य म्हणजे तातू दिसणार नाही. कारण एरवी तातू रस्त्यात तिच्याजवळून जायची ती विजेच्या खांबाजवळून जावं तशी. रिझिकीची चारही मुलं मात्र आत्याच्याच घरी पडीक. शाळेचे गणवेश आत्यानं शिवले. थोरलीच्या लग्नाचा पोशाखही तिनंच शिवला, मांडवात पोटभर जेवली, मुलीला जवळ घेऊन रडली, आणि मुलीच्या आईकडं न बघता घरी गेली. हमादी ईदेला दोन्हीकडं जेवायचा आणि दोन्हीकडं शिव्या खायचा.

अशी बावीस वर्षं गेली. तेवढ्या काळात बी झमझमही उतरणीला लागली. विजेवरचे बाजे आले, घाईचं गाणं आलं, कंबर हलवणाऱ्या तरुण पोरी आल्या. बी झमझमला मधुमेहानं धरलं, घसा बसू लागला. रेडिओवाल्या मुलीनं विचारलं, बाई, मागं काय ठेवून जाताय? त्यावर ती म्हणाली, "अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाशी बोलत नाही, ती माझी कमाई." ऐकणारे हसले. रिझिकी कशी हसणार? त्या कमाईतला एक दाणा ती होती.

बातमी आली त्याच दुपारी तिनं ताजे मंदाझी फडक्यात बांधले आणि ती बी झमझमच्या घरी गेली. म्हातारी ओसरीवर पाय पसरून बसली होती.

"मला साखर मना आहे," ती म्हणाली आणि तिनं एक उचलला. "बोल."

"शिकामू," थोरांना करायचा सलाम करून रिझिकी म्हणाली, "शुक्रवारी ते झाडाचं गाणं घ्याल का? फांदीच्या ओळीला मी वेळेवर पोचते. आधीच पुढं उभी राहते."

बी झमझम चावायची थांबली. "मुली, बावीस वर्षं तू माझ्यापुढं गोड ओळीला येतेस. चेहरा असा, जणू साखरेचं पोतं! मला वाटायचं काय पोचलेली बाई आहे ही. माझ्या गाण्यात गोड ओळीला खऱ्या मनानं कुणी नोट दिलेली मी तरी पाहिली नाही. आणखी एकदा दिलीस तर तुझी नणंद सभा सोडून जाईल."

"मग मी करू काय?" रिझिकी म्हणाली. "तुमचं गाणं थांबलं की संपलंच. मी मेले तर ती माझ्या मयतीलाही खांबाशी उभं राहावं तशी उभी राहील."

"मी गाते. कुणी कुठल्या ओळीला उठायचं, ते मी सांगत नाही," म्हातारी म्हणाली. "आणि वेलची कमी पडलीय."

शुक्रवारी नमाजानंतर क्लबाची ती जुनी जागा गच्च भरली. आलेल्या बायकांत निम्म्या आज्या होत्या. तातू पुढं उजवीकडं, रिझिकी डावीकडं. बी झमझमला आता उभं राहवत नव्हतं. खुर्चीत बसून, रुमाल धरून ती गायली. आवाज चिरला होता, पण शब्द तसाच ठणठणीत पोचत होता. एकामागून एक गाणी झाली. फांदीची ओळ आली आणि गेली. सगळ्यांनी रिझिकीकडं पाहिलं, ती जागची हलली नाही. बायका कुजबुजल्या.

शेवटच्या गाण्यात एक कडवं होतं, ज्याला कधी कुणी उठत नसे. त्या कडव्याला बायका पानाचा विडा लावायच्या, पोरांची नाकं पुसायच्या. उठून करणार काय? त्यात बाई स्वतःलाच बोल लावते. दुसऱ्याला मारायला त्यात काही नाही.

ज्या हातानं दिवा लावला, त्याच हातानं घर पेटवलं.

रिझिकी उठली. डुलली नाही, कुणाला मान लववली नाही, सरळ चालत गेली. उजवा हात उंच करून तिनं नोट धरली आणि डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तातूकडं तिनं पाहिलंच नाही. सभेला आधी कळेचना. मग विडे लावणारे हात थांबले. बाई स्वतःवर ओळ घेतेय, चारशे जणींसमोर! असलं कुणी पाहिलं होतं?

बी झमझमनं नोट घेतली नाही. तिनं ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. मग रिवाज मोडून चौथ्यांदा, पाचव्यांदा. व्हायोलिनवाले एकमेकांकडं बघू लागले. रिझिकीचा हात वरच होता. साठीची बाई, रोज पहाटे कढईवर वाकणारी, तिचा खांदा भरून आला, पण तिनं हात खाली घेतला नाही. तातू जोवर बसून आहे तोवर ओळ पुरी झालेली नाही, हे तिला कळत होतं, गाणारीलाही कळत होतं. सातव्या वेळेला म्हातारीचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही.

उजवीकडं खुर्ची करकरली. तातू कशीबशी उठली. गुडघ्यावर हात ठेवत, दर दोन पावलांना थांबत ती पुढं आली. येऊन तिनं रिझिकीचा तो वर धरलेला हात मनगटाशी पकडला आणि खाली ओढला.

"पुरे आता," ती म्हणाली. "दुखत नाही का गं हात?"

बावीस वर्षांत रिझिकीनं तिला सांगायला किती काय काय जमवून ठेवलं होतं. मुलींची बाळंतपणं, हमादीचं ऑपरेशन, आई गेली ती रात्र. त्यातलं एक अक्षर तिला सुचलं नाही.

"दुखतो गं," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.